माल निघाला

कंपनीत त्याला सगळे 'सिस्टिम' म्हणत. "सिस्टिम आला का?" "सिस्टिम जेवायला गेलाय." "सिस्टिमला सर्दी झालीय, जरा लांबून बोला." आई-वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव होतं त्याला, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे. एरवी पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांसाठी तो सिस्टिमच.

मूळचा तो पंपांचा इंजिनीअर. पंपातल्या पात्याला किती वळण द्यावं यावर त्यानं उमेदीची वर्षं खर्ची घातली होती, आणि त्यात तो सुखी होता. मग मोठ्या साहेबांना शोध लागला की हा दहाही बोटांनी टाइप करतो. झालं! त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, "आता सगळ्या कंपनीचा कारभार एका सिस्टिममध्ये आणायचा. स्टोअर, टेस्टिंग, पॅकिंग, बिलं, गेट, सगळं." माणसं अशीच निवडली जातात. जो विहिरीत डोकावून बघतो त्यालाच दोर बांधून आत सोडतात.

पण खरं सांगायचं तर ते काम त्याला मानवलं. स्वभावच तसला. घरी स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर त्यानं छापील लेबल लावलेलं होतं. बायकोनं एकदा गंमत म्हणून साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवलं. रविवारी सकाळी यानं स्वतःच्या हातानं चहा केला, अर्धा कप प्यायला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "दूध बदल गं आपलं." डब्यावर साखर लिहिलंय म्हटल्यावर आत साखरच असणार, दोष असलाच तर दुधाचा. बायको हसून हसून ओट्याला टेकली. हा माणूस असा होता, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

तर सिस्टिम आली. बाहेरून विकत घेतलेली, भारी, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत इंग्रजी. कारखान्यात तिला कोणी हात लावेना. टेस्टिंगच्या फोरमननं तर सरळ सांगितलं, "आम्हाला पंप कळतो. हे असलं कळत नाही." तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं की पडद्यावरचे शब्द मराठीत करा. आणि बाहेरून आलेल्या सल्लागारानं त्यात भर घातली. हा सल्लागार दर वाक्याआधी 'बेसिकली' म्हणायचा. तो म्हणाला, "बेसिकली, प्रत्येक विभागाला वेगळा पडदा करण्यात अर्थ नाही. सगळ्यांना एकच द्या. एक कंपनी, एक पडदा."

सिस्टिमनं ते शब्द घरी जेवणाच्या टेबलावर बसून केले. बायको भाजी चिरत होती आणि हा एकेक शब्द तिच्यावर फेकून बघत होता. माल गेटबाहेर गेला की दाबायचं एक बटण होतं. त्यावर जो इंग्रजी शब्द होता तो उच्चारायलाच दोन श्वास लागत. 'प्रेषण' म्हणावं, तर फोरमन हसून मरेल. 'रवाना' त्याला उगाच भरजरी वाटला. शेवटी सुचलं: 'माल निघाला'. साधं, सोपं, रोजच्या तोंडातलं. त्या दिवशी तो इतका खूश झाला की चिरलेल्या गाजराचे दोन तुकडे तोंडात टाकून नाचतच हात धुवायला गेला.

पडदे सुरू झाले आणि काय आश्चर्य, लोकांनी बटणं दाबायला सुरुवात केली. धडाधड. फोरमन दाबतोय, पॅकिंगच्या बाई दाबतायत, गेटवरचे मामा दाबतायत. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. एकटे स्टोअरचे नाना सोडले तर सगळी कंपनी सिस्टिमवर आली होती. नानांनी आपल्या पडद्यावर धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलं होतं, ते कधी काढलंच नाही.

नाना म्हणजे स्टोअर आणि स्टोअर म्हणजे नाना. मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे, आणि कोणतीही गोष्ट एका वाक्यात न सांगणारे. पंप मागायला जावं तर आधी त्यांच्या गुडघ्याची हकीकत ऐकावी लागे. पण सिस्टिम या कारखान्यात नवा लागला तेव्हा त्याला जेवायला बसायला जागा नव्हती, आणि नानांनी रॅकांच्या मधे खोकं उलटं टाकून त्याला शेजारी बसवून घेतलं होतं. काचेची खोली मिळाल्यापासून तो त्या खोलीतच जेवत असे. नानांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. फक्त ते उलटं खोकं तिथेच पडलेलं असायचं.

आणि मग गोंधळ सुरू झाला.

पहिल्यांदा बिलं करणाऱ्यांनी विचारलं: सिस्टिम म्हणतेय एवढा माल निघाला, मग बिलं त्याच्या पाव हिश्शाचीही का नाहीत? यानं आकडे तपासले. बरोबर होते. पुन्हा तपासले. पुन्हा बरोबर. पडद्यावर स्टोअरचा साठा रोज खाली खाली जात शेवटी शून्य झाला आणि मग शून्याच्याही खाली उतरला. जो पंप नाहीच तो कारखान्याबाहेर कसा जातो, हे त्याला कोणत्याही इंजिनीअरिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं.

तो प्रत्येक विभागात जाऊन आला. फोरमनला विचारलं, "बटण माल निघाल्यावरच दाबता ना?" 

"निघाल्यावरच! उगीच कशाला दाबू?" 

पॅकिंगच्या बाईंना विचारलं. "निघाल्यावरच दाबते हो, देवाशपथ." 

गेटवरचे मामा म्हणाले, "साहेब, माल निघाल्याशिवाय बटणाला बोट लावणाऱ्यातला मी नाही." 

सगळे खरं बोलत होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तीन ठिकाणांहून बटण दाबलं जातं हे त्याला माहीत होतं, पण टेस्टिंगवाले काही पंप थेट बाहेर दुरुस्तीला पाठवत, पॅकिंगवाले काही थेट टेम्पोत चढवत, म्हणून त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. डोकं धरून तो काचेच्या खोलीत येऊन बसला. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, काय काम करतो हा माणूस! आत डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

साहेबांनी मात्र भुगा वगैरे काही होऊ दिला नाही. त्यांना उत्तर हवं होतं, आणि ज्यांना उत्तर हवं असतं त्यांना ते लगेच मिळतं. त्यांनी नानांना बोलावलं.

"सिस्टिम म्हणतेय तुमचं स्टोअर रिकामं आहे," साहेब म्हणाले.

"मग सिस्टिमला म्हणावं, येऊन बघ," नाना म्हणाले. "चालताना पायाला ठेच लागेल इतके पंप आहेत."

"तोच तर प्रश्न आहे. गेलेला माल तिथे कसा?"

"गेलाच नाही तर!"

"गेलाय. नोंद आहे."

सल्लागार पुढे सरसावला. "बेसिकली, नोंदीत नसलेला माल म्हणजे लपवलेला माल. आणि लपवलेला माल माणूस कशाला ठेवतो? बाहेर विकायला."

म्हणजे बघा. माल नसता तर नाना चोर. माल होता, म्हणूनही नानाच चोर. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे आपण ऐकतो, इथे तर चोरीच झाली नव्हती आणि फाशीची दोरी तयार होती. त्यात नानांनी स्वतःच्या हातानं गाठ आवळली. घाबरलेला बडबड्या माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, जास्तच बोलले. "अहो, मी तर नेहमीच दोन-चार पंप कपाटामागे पोतं टाकून ठेवतो, अडीअडचणीला! विचारा कोणालाही!"

सल्लागारानं काहीतरी टिपून घेतलं.

साहेब सिस्टिमकडे वळले. "तुम्ही सांगा. चुकू शकते का ही?"

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याला नानांचा तो कपाटामागचा पंप माहीत होता. एकदा त्याच्याच घरचा पंप बंद पडला होता तेव्हा नानांनी तो साहेबांच्या परवानगीनं दिला होता आणि नंतर चार वेळा आठवण करून परत घेतला होता. पण त्यानं आकडेही तपासले होते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात मावेनात. मग त्याच्या तोंडून तेच निघालं जे डब्यावर लिहिलेलं होतं.

"सिस्टिम चुकत नाही, साहेब."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. नाना आणि गप्प, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

ठरलं ते असं: सोमवारी मुख्य कचेरीतून माणसं येणार आणि नानांची चौकशी होणार. तोवर नानांनी स्टोअरला कुलूप लावून किल्ल्या गेटवर द्यायच्या. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि सोमवारी बाहेरची माणसं येऊन त्यांना विचारणार की पंप कोणाला विकले. दिवस शनिवारचा होता, अर्ध्या सुट्टीचा.

दुपारी कंपनी रिकामी होत गेली तरी हा काचेच्या खोलीतच. आकडे वर-खाली करत होता. घरी सासूबाई जेवायला आल्या होत्या आणि ताटं त्याच्यासाठी थांबली होती. बायकोचा फोन आला.

"निघालास का?"

"निघालो," तो म्हणाला.

"म्हणजे कुठे आहेस?"

"म्हणजे... खुर्चीत."

"वाटलंच मला!" बायको भडकली. "तुझं निघालो म्हणजे चपला शोधायचा विचार मनात आला. माझं निघाले म्हणजे दाराला कुलूप लागलं. आणि आईचं निघाले म्हणजे ती आपल्या दारात उभी राहून बेल वाजवते! एका घरात तीन माणसं आणि तिघांचं निघणं तीन तऱ्हेचं. भूक लागलीय रे तिला, खरंच निघ."

"काय म्हणालीस?"

"खरंच निघ म्हटलं!"

"नाही, त्याच्या आधी."

पण बायकोनं फोन ठेवला होता. त्याच्या समोर पडद्यावर ते बटण होतं, त्यानं स्वतः नाव ठेवलेलं, हिरव्या रंगाचं. माल निघाला. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला ते वाचताच येईना. एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हटला की नुसता आवाज उरतो ना, तसं झालं त्याचं.

तो धावत टेस्टिंगला गेला. फोरमन हात धुऊन घरी जायच्या बेतात होता.

"निघाला म्हणजे काय हो?"

फोरमननं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "बरं वाटतंय ना? निघाला म्हणजे आमच्या टेस्टिंगमधून बाहेर निघाला. चांगला निघाला की दाबतो, खराब निघाला की दाबतो. मधे एक अख्खा लॉट खराब निघाला, तेव्हा बटण दाबून दाबून बोट दुखलं माझं."

"खराब निघाला तरी?"

"निघाला तर होता ना?"

पॅकिंगच्या बाई पदर खोचून खोकी रचत होत्या. "निघाला म्हणजे रॅकवरून निघाला. नानांचा माणूस पंप रॅकवरून काढून टेबलावर ठेवतो, मी बटण दाबते, मग खोक्यात भरते. चुकलं का काही?"

"नाही बाई," तो म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही."

खरंच कोणाचं काही चुकलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या दारातून माल निघताना इमानदारीनं पाहिला होता, आणि सिस्टिमनं इमानदारीनं तोच पंप टेस्टिंगमधून, रॅकवरून आणि गेटमधून असा तीन-तीनदा कारखान्याबाहेर घालवला होता. ध चा मा करायला कोणीतरी कपटी माणूस लागतो म्हणतात. इथे गाजर खात खात झाला होता.

गेटवर पोचेतो त्याला दम लागला. त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, माल कुठे गेलाच नाही. शब्द चुकला."

"कुणाचा शब्द?"

"माझा. बटणावरचा. सिस्टिम चुकत नाही असं मी म्हणालो ना, ते खरं नाही."

पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते. साहेब जेवत असावेत. "सोमवारी लेखी द्या," ते म्हणाले. "मग बघू."

"नानांना सांगू का?"

"सांगा हवं तर."

त्यानं फोन ठेवला. "नाना कुठायत?"

मामांनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा दाखवला. "निघाले की."

"निघाले म्हणजे? मामा, नीट सांगा. निघाले म्हणजे स्टोअरमधून, गेटमधून, की..."

"गेले. किल्ल्या ठेवल्या आणि गेले." मामा जरा घुटमळले. "एक सांगू? इतकी वर्षं हा माणूस संध्याकाळी या खिडकीत डोकं घालून 'येतो रे' म्हणतो. आज 'जातो' म्हणाला. मला काही ते बरं वाटलं नाही."

घरातून बाहेर पडताना माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. जातो हे कशासाठी राखून ठेवलेलं असतं ते लहान मूलही जाणतं. सिस्टिमनं किल्ल्या उचलल्या आणि तो पळत सुटला. पंपाच्या पात्यांवर आयुष्य घालवलेला, पोट सुटलेला माणूस भर दुपारी रस्त्यानं पळताना कसा दिसतो ते तुम्हीच डोळ्यापुढे आणा.

नाना रोज नदीपलीकडून बसनं येत. बसथांब्यावर चौकशीची खिडकी होती. "नदीपलीकडची बस?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"निघाली," आतला म्हणाला.

त्यानं कपाळाला हात लावला. "निघाली म्हणजे इथून निघाली की तिथून निघाली?"

"ओरडता कशाला? तिथून निघाली. येईल आता."

नाना कडेच्या बाकावर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत चहाचा पेला, चष्म्याची डबी आणि स्टोअरमधल्या त्यांच्या खुर्चीची चपटी उशी. माणूस सुट्टीला घरी जाताना उशी नेत नाही.

"नाना, तुमची काही चूक नाही. शब्दाचा घोळ झाला. मी तो शब्द..." आणि त्यानं सगळं सांगितलं, फोरमनचं, बाईंचं, सासूबाईंचंसुद्धा. उलटंसुलटं सांगितलं. मधेच त्याचाच गोंधळ उडाला आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नानांनी ऐकून घेतलं. "मी ते बटण कधी दाबलंच नाही," ते हळूच म्हणाले. "मला भीती वाटायची. म्हटलं, आपण निघाला म्हणायचं आणि खरंच निघून जायचं काहीतरी."

"तुम्ही बोलला का नाहीत नाना?"

"बोललो की. येऊन बघा म्हणालो. आले, बघितलं, आणि तरी म्हणाले, गेलाय, नोंद आहे." नाना त्याच्याकडे वळले. "साहेबांचं सोड. त्यांना कागदापलीकडे दिसत नाही. पण तू त्या खोक्यावर बसून जेवलायस. तू तरी म्हणायचंस, नाना असं करणार नाहीत. बाकी तुझी ती सिस्टिम चुको नाहीतर न चुको."

"हो," तो म्हणाला. "म्हणायला हवं होतं." त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

बस आली. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यानं किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. नानांनी तो घेतला, अंगठ्यानं मोठी किल्ली चाचपून बाहेरच्या बाजूला आणली आणि जुडगा सदऱ्याच्या खिशात टाकला. इतकी वर्षं रोज करत आले तसाच. हे त्यांनी ठरवून केलं की हाताला सवय म्हणून झालं, ते त्याला कळेना.

"नाना, सोमवारी?"

नाना पायरीवर चढले होते. मागून माणसं ढकलत होती, कंडक्टर आत व्हा, आत व्हा म्हणून ओरडत होता. नानांनी मान वळवली.

"येतो," ते म्हणाले.

दार लागलं आणि बस गेली. तो धूर विरेपर्यंत तिथेच उभा राहिला. खिशात फोन वाजला.

"आता कुठे आहेस?" बायकोनं विचारलं. "आईचं जेवण झालंसुद्धा."

"बसथांब्यावर. नानांना भेटलो. सगळं सांगितलं त्यांना."

"मग? येणार का ते सोमवारी?"

"येतो म्हणाले."

"म्हणजे येणार म्हणाले, की आपलं निघताना म्हणतात तसं म्हणाले?"

त्यानं बस गेली त्या दिशेला पाहिलं. "मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "पण जातो म्हणाले नाहीत."